घोड्यांचा ट्रेलर ओढायला फोर-व्हील ड्राइव्ह निवडताना

गाडी बघायला जाण्याआधी घोड्याच्या छातीभोवती टेप लावा. मान संपते तिथल्या उंचवट्याच्या जरा मागून, पुढच्या पायांच्या कोपरांना लागून घेर मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत अंगाची लांबी घ्या. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. येतो तो आकडा म्हणजे घोड्याचं किलोतलं वजन. माझ्या रेवाचा घेर १९०, लांबी १७१, म्हणून ती साधारण ५२० किलोची. बादल अंगानं थोराड आहे, तो ६१० भरतो. मोठ्या वजनकाट्यावर नेता आलं तर उत्तमच, पण टेपचा अंदाजही कामापुरता पक्का असतो. नुसत्या नजरेनं वजन ठरवू नका. अंगावर केस वाढलेला घोडा जड वाटतो आणि घट्ट बांध्याचा घोडा हलका वाटतो.

मी घोडे शिकवते. त्यांना स्पर्धांना नेणं, दवाखान्यात नेणं, एका पागेतून दुसऱ्या पागेत पोचवणं हे माझं नेहमीचं काम आहे. ‘कुठली गाडी घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी घोड्याचं वजन विचारते. बहुतेकांनी तोवर गाडी मनात पक्की केलेली असते आणि आता तिच्यामागे ट्रेलर कसा बसेल याची खटपट चाललेली असते. हा क्रम उलटा करा. आधी घोडा, मग ट्रेलर, शेवटी गाडी.

आता बेरीज करू. रेवा ५२०, बादल ६१०, दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर ९५०. खोगिरं, लगाम, झुली, खरारे मिळून ६०. गवताच्या जाळ्या ४०. पाणी ६० लिटर, म्हणजे आणखी ६० किलो. एकूण २,२४० किलो. ट्रेलरच्या पाटीवर त्याचं कमाल भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ही बेरीज त्याच्या आत बसायला हवी. मग या बेरजेची सव्वापट करा, २,८०० येतात. तुमच्या गाडीची ओढण्याची मर्यादा निदान इतकी असावी. म्हणजे व्यवहारात ३,००० किंवा ३,५०० किलोवाल्या गाड्यांकडेच बघायचं. वरचा हा पाव भाग उन्हाळ्यासाठी, चढासाठी, गाडीच्या वयासाठी आणि उद्या पागेत येणाऱ्या जास्त वजनाच्या घोड्यासाठी आहे.

दुसरा दंडक मी तितक्याच कडकपणे पाळते. भरलेला ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या रिकाम्या वजनापेक्षा जड असता कामा नये. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन, म्हणजे राहायची चाकांवरची खोली, ओढणाऱ्या नवख्यांना ८५ टक्क्यांच्या आत राहायला सांगतात. दोन मोठे घोडे असले की ते दरवेळी जमत नाही, पण बरोबरीच्या पुढे मी जात नाही. कारण मागचं ओझं जिवंत आहे. घोडा वळणावर पाय रोवतो, माशी बसली की लाथ झाडतो, शेजारच्याकडे मान वळवतो, आणि हे सगळं जमिनीपासून बऱ्याच उंचीवर चाललेलं असतं. अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालताना पाणी जसं आपल्याला ढकलतं, तसा ट्रेलर गाडीला ढकलत असतो. हलकी गाडी हे धक्के पोटात घेऊ शकत नाही.

कंपनीचा आकडा काय सांगतो

ओढण्याची मर्यादा ठरते कशी, हे एकदा समजून घ्या. युरोपीय नियमात गाडीनं पूर्ण ट्रेलरसह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून निघून दाखवायचं असतं. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे मानक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, ३८ अंश तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून गाडीनं ताशी ६४ किलोमीटरच्या खाली न येता वर पोचायचं असतं. दोन्ही परीक्षा चांगल्या आहेत. अमेरिकन परीक्षेत स्थिरता आणि ब्रेकही तपासतात. पण परीक्षेच्या ट्रेलरमध्ये घोडा नसतो. उतारावर अचानक ब्रेक लागल्यावर घोड्याला तोल सावरता येतो का, हे त्या आकड्यात कुठेही नाही.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. आजच्या बहुतेक मोठ्या डिझेल गाड्या दोन घोडे ओढतात, त्याचं विशेष नाही. गाडी ते वजन घेऊन थांबते का, आणि मागून धक्का बसला तरी सरळ राहते का, हे मी बघते.

आकड्यांमधला आणखी एक आकडा विक्रेते सहसा सांगत नाहीत. गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा असते. समजा गाडी रिकामी २,२५० किलोची, तिचं भरलेलं कमाल वजन ३,१००, ओढण्याची मर्यादा ३,५०० आणि दोन्ही मिळून मर्यादा ५,८०० आहे. मागे पूर्ण ३,५०० लावले तर गाडीला उरतात २,३००. म्हणजे माणसं आणि सामान मिळून फक्त ५० किलो. चालकसुद्धा त्यात बसत नाही. माझ्या २,२४० च्या ट्रेलरबरोबर याच गाडीला ३,१०० पर्यंत भरता येतं, कारण बेरीज ५,३४० होते. एकाच नावाच्या गाडीची मर्यादा इंजिन, गिअरबॉक्स आणि देश बदलला की बदलते. तेव्हा जाहिरातीवर जाऊ नका. समोर उभ्या असलेल्या गाडीची पाटी वाचा आणि तिचं पुस्तक मागून घ्या.

लांबी, आणि बॉलवरचा भार

ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर, म्हणजे मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, खाली दाबतो. युरोपीय पद्धतीच्या ट्रेलरमध्ये हा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकन पद्धतीत १० ते १५ टक्के. भार फार कमी झाला तर ट्रेलर डोलायला लागतो. जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग खाली बसतो. आणि तो बसतो त्यामागचं गणित बघण्यासारखं आहे. आमच्या ट्रेलरचा ५ टक्के म्हणजे ११२ किलो. बॉल मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे आणि दोन आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.८ मीटर आहे असं धरा. तर मागच्या आसावर ११२ नव्हे, १६० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून ४८ किलो उचलले जातात. ज्या चाकांनी वळायचं आणि ज्यांनी सगळ्यात जास्त ब्रेक लावायचा, तीच हलकी होतात.

यावरून दोन गोष्टी ठरतात. व्हीलबेस लांब हवा आणि मागच्या चाकांपासून बॉलपर्यंतचं अंतर कमी हवं. दुसरं अंतर माहितीपत्रकात क्वचितच असतं, ते आपणच टेपनं मोजायचं. व्हीलबेसमध्ये टोयोटा हायलक्सचा ३,०८५ मिमी, लँड क्रूझरच्या १००, २०० आणि ३०० या मालिकांचा २,८५०, पाचव्या पिढीच्या लँड रोव्हर डिस्कव्हरीचा २,९२३, प्राडोच्या १५० मालिकेतल्या लांब गाडीचा २,७९० आहे. तीन दारांची सुझुकी जिम्नी घ्या. मजबूत चासी, म्हणजे खालचा सांगाडा, खरीखुरी लो रेंज, म्हणजे गाडी अगदी सावकाश पण जोरात चालवणारे जादा गिअर, चिखलात तिच्यासारखी गाडी शोधून सापडत नाही. पण व्हीलबेस २,२५० मिमी आणि बऱ्याच देशांत ओढण्याची मर्यादा १,३०० किलो. एका घोड्याचा ट्रेलरसुद्धा मी तिच्यामागे लावणार नाही. फोर-व्हील ड्राइव्ह असणं आणि घोडे ओढायला योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागचं सस्पेन्शन लीफ स्प्रिंगचं, म्हणजे पाट्यांचं असेल तर भार चांगला सोसतं, रिकाम्या गाडीत मात्र आपटतं. एअर सस्पेन्शन गाडी आपोआप समतल ठेवतं, ट्रेलरसाठी फार सोयीचं आहे. जुन्या गाडीत मात्र त्याचे फुगे आणि कॉम्प्रेसर नक्की तपासा. रात्रभर उभी राहून सकाळी एका कोपऱ्यात बसलेली गाडी घेऊ नका.

चारही चाकांना जोर कसा मिळतो

फोर-व्हील ड्राइव्हची गरज कुठे लागते? स्पर्धेच्या मैदानात पावसानं भिजलेल्या गवतावर, पागेच्या चिखलात, आणि चढावरच्या फाटकातून ट्रेलर उलटा घालताना. डांबरी रस्त्यावर तिचं काम कमी असतं. हे लक्षात ठेवलं की कुठला प्रकार घ्यायचा ते सोपं होतं.

पार्ट-टाइम प्रकारात मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतो. कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये टाकून वळलात की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्समिशनवर ताण येतो. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर फक्त मागची चाकं, आणि निसरड्यावर चारही. साधी, टिकाऊ यंत्रणा. बहुतेक पिकअपमध्ये हीच असते. फुल-टाइम प्रकारात हा मधला डिफरेन्शियल (डिफ) असतो, म्हणून ओल्या घाटरस्त्यावरही चारही चाकांना जोर राहतो. प्राडो, डिस्कव्हरी या त्यातल्या. मित्सुबिशी पजेरोच्या सुपर सिलेक्ट यंत्रणेत दोन्ही सोयी आहेत. पर्वतात वर्षभर ये-जा असेल तर मी फुल-टाइम निवडेन.

तिसरा प्रकार म्हणजे गरज पडल्यावर मागच्या चाकांना क्लचनं जोडून घेणारी ऑल-व्हील ड्राइव्ह. शहरी एसयूव्हींमध्ये ती असते. तो क्लच ओल्या गवतावर थोडा वेळ मदत करतो, पण दोन टन मागे लावून चिखलात झगडत राहिलं की तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो. शिवाय या गाड्यांना लो रेंज नसते. लहान तट्टू आणि हलका ट्रेलर असेल तर चालेल, दोन घोड्यांना नाही.

लो रेंजबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण लोक तिला डोंगरातल्या साहसाची गोष्ट समजतात. टोयोटाच्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत, लो रेंज वेग साधारण अडीच पटींनी कमी करते आणि चाकांवरचा जोर तितकाच वाढवते. भरलेला ट्रेलर चढावर रिव्हर्स घेताना मॅन्युअल गाडीचा रिव्हर्स गिअर नेहमी उंच पडतो. मग माणूस अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो आणि पाच मिनिटांत क्लचचा जळका वास येतो. लो रेंजमध्ये टाकलं की गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, क्लच पूर्ण सोडलेला राहतो आणि आतल्या घोड्याला एकही हिसका बसत नाही. फक्त पार्ट-टाइम गाडीत हे काम कोरड्या, घट्ट जमिनीवर वळवत वळवत करू नका. काही गाड्यांत मागच्याच चाकांवर लो रेंज घेता येते किंवा मधला डिफ मोकळा ठेवता येतो. तशी सोय असेल तर ती गाडी माझ्या यादीत वर जाते.

गिअरबॉक्समध्ये माझी पसंती टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून पोचवणारा भाग, असलेल्या ऑटोमॅटिकला. गाडी हळुवार निघते, आणि घोड्यांसाठी हळुवार निघणं फार मोलाचं आहे. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेले, आणि कोरड्या क्लचचे ड्युअल क्लच गिअरबॉक्स या कामाला नकोत. ऑटोमॅटिकमध्ये तेल थंड ठेवणारा वेगळा कूलर आहे का ते विचारा. ते तेल १२० अंशांच्या वर गेलं की झपाट्यानं खराब होतं. गाडीतच तेलाचं तापमान दिसत असेल तर फारच छान.

इंजिनमध्ये हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बघा, आणि तो इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो तेही. हायलक्सच्या २.८ लिटर डिझेलचा ऑटोमॅटिकमधला ५०० एनएम टॉर्क १,६०० ते २,८०० फेऱ्यांत मिळतो. मला हवं ते हेच, कारण घाटात इंजिन ओरडत नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० मीटर उंचीला सुमारे १० टक्के ताकद गमावतं, हे डोंगराळ भागातल्यांनी लक्षात घ्यावं. गाडी एरवी फक्त गावात छोट्या फेऱ्या मारणार असेल तर नव्या डिझेलचा धूरगाळ फिल्टर तुंबतो. मधूनमधून तिला लांब पळवावं लागेल.

थांबणं

बऱ्याच देशांत ७५० किलोंच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. घोड्यांचा ट्रेलर त्याच्या वरच असतो. युरोपीय ट्रेलरमध्ये गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या दाबानंच त्याचे ब्रेक लागतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक ब्रेकचा, त्याला गाडीत कंट्रोलर लागतो. कंट्रोलर घेताना गाडी किती जोरानं मंदावते त्या प्रमाणात ब्रेक लावणारा घ्या. ठरावीक वेळानं जोर वाढवत नेणारे स्वस्त कंट्रोलर घोड्यांना हिसके देतात.

उतारावर गाडीनं इंजिनच्या जोरावर वेग धरून ठेवायला हवा. गाडी बघायला जाल तेव्हा खालचा गिअर हातानं निवडता येतो का आणि निवडलेला टिकतो का, हे बघा. काही ऑटोमॅटिक स्वतःच वर सरकतात, त्या मला चालत नाहीत. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की शेवटच्या वळणावर ब्रेक तापून विरलेले असतात. वेगाचंही तसंच. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. मी ८० च्या पुढे जात नाही.

ट्रेलरचं डोलणं ओळखून चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा आता बऱ्याच गाड्यांत असते. ती असलेली गाडी घ्याच. पण विचारून घ्या, कारण काही गाड्यांना ट्रेलर जोडला आहे हे कंपनीची मूळ वायरिंग बसवली असेल तरच कळतं. बाहेरून जोडलेल्या तारांनी दिवे लागतात, ही यंत्रणा मात्र जागी होत नाही.

वापरलेली गाडी तपासताना

माझा दादा डिझेल मेकॅनिक आहे आणि वापरलेली गाडी बघायला मी त्याच्याशिवाय जात नाही. तो बॉनेट शेवटी उघडतो. आधी गाडीखाली शिरतो. टोबार, म्हणजे बॉल बसवलेली दांडी, जिथे चासीला बसतो तिथली भोकं लांबट झाली आहेत का, बोल्टभोवती रंग तडकला आहे का, मागच्या आसावरची चासी गंजानं पोखरली आहे का, हे हातोडीनं ठोकून बघतो. घट्ट पोलाद खणखणीत वाजतं, गंजलेलं बद वाजतं. बाहेरून चकचकीत आणि खाली नुकताच काळा रंग फासलेली चासी दिसली की तो तिथूनच परत फिरतो.

मग ऑटोमॅटिकचं तेल. लालसर असलं तर ठीक, काळपट आणि जळका वास येत असेल तर तो गिअरबॉक्स कुणीतरी शक्तीबाहेर राबवलेला आहे. रेडिएटर, पंख्याचा क्लच, पाइप. टायमिंग बेल्ट असेल तर तो बदलल्याचं बिल. तोंडी सांगितलेलं धरू नका. लो रेंज प्रत्यक्ष टाकून बघा, कारण वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे ती अडकलेली असते आणि विक्रेत्यालाही माहीत नसतं.

टायरवर भाराचा क्रमांक असतो. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५०. मागच्या दोन टायरांची बेरीज मागच्या आसाच्या कमाल भारापेक्षा जास्त हवी. शेजारी चार अंकांत जन्मतारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलरच्या टायरांचीही ती वाचा. ते झिजण्याआधी वयानं तडकतात.

कुठल्या कंपनीची गाडी, हे मी मुद्दाम शेवटी सांगते. लँड क्रूझर, प्राडो, हायलक्स, इसुझु डी-मॅक्स, फोर्ड रेंजर, पजेरो, या गाड्यांनी जगभर ओझी वाहिली आहेत. पजेरोचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं, तरी निगा राखलेली मिळाली तर मी आनंदानं घेईन. डिस्कव्हरी ओढायला सुरेख आहे, पण देखभालीला हात सैल ठेवावा लागतो. तुमच्या भागात जिचे सुटे भाग दुसऱ्या दिवशी मिळतात आणि जिची खोड ओळखणारा मेकॅनिक जवळ आहे, ती गाडी यादीतल्या थोड्या चांगल्या गाडीपेक्षा भरवशाची. रस्त्याच्या कडेला दोन घोडे उन्हात उभे असताना याची किंमत कळते. बॅटरीवरच्या गाड्यांत जोर भरपूर आहे, पण मागे उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर लागला की पल्ला निम्म्याच्या आसपास येतो आणि वाटेत चार्जिंगला ट्रेलर सोडणं घोड्यांसह जमत नाही. जवळच्या फेऱ्यांसाठीच त्यांचा विचार करा.

गाडी पसंत पडली की विकत घेण्याआधी तुमचा ट्रेलर लावून चालवून बघण्याचा आग्रह धरा. घोडे न घालता, वाळूच्या पोत्यांनी वजन भरून. चढावर थांबून पुन्हा निघा, उतारावर इंजिनवर उतरा, निदान अर्धा तास चालवा आणि उतरल्यावर वास घ्या, गाडीखाली तेल ठिबकतंय का बघा. मोठ्या वाहनाच्या मागून पुढे जाताना हवेच्या धक्क्यानं गाडी किती हलते तेही कळेल. ट्रेलर डोलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगनं सावरायला जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावा. परवान्याचे आणि विम्याचे नियम ट्रेलरच्या वजनानुसार बदलतात, त्याची चौकशीही याच टप्प्यावर करा.

घरी आणल्यावर गाडी आणि भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या, प्रत्येक आसाचं वजन वेगळं घ्या आणि तो कागद गाडीत ठेवा. घोड्यांसह पहिली फेरी छोटी करा आणि प्रवासाला सरावलेला शांत घोडाच न्या. एकटाच असेल तर त्याला रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला उभा करा, कारण रस्ता कडेला उतरता असतो. दहा-पंधरा मिनिटांनी थांबा, कपलर (ट्रेलर बॉलला धरून ठेवणारी पकड), सुरक्षा दोरी, दिवे आणि चाकांचे नट पुन्हा तपासा, आणि घोडा पाय फाकवून ताठ उभा आहे की सैल होऊन गवत खातो आहे ते बघा. ताठ असेल तर उरलेल्या वाटेत ब्रेक आणखी आधी धरा आणि वळणं आणखी सावकाश घ्या.